स्पोकन इंग्लिश क्लासचा रिव्ह्यू : २ महिने, ४,५०० रुपये आणि एक गुडबाय

रेटिंग ५ पैकी ३. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच उतरतील.

क्लासचं नाव लिहीत नाही. मालक सर ओळखीचे, रोज स्टँडावर चहाला भेटतात, आणि मॅडम अजून तिथेच शिकवतात, त्यांना उगाच त्रास नको. सिंधुदुर्गातलं तालुक्याचं गाव आणि मोबाईलच्या दुकानाच्या वरचा मजला एवढंच सांगतो, असे क्लास आता सगळीकडे दोन-तीन असतातच. रिव्ह्यू खरं तर क्लास संपल्यासंपल्या लिहिणार होतो पण मुलगी फोनवर म्हणाली बाबा आधी वापरून तरी बघा, मिक्सरचा रिव्ह्यू कोणी खोका उघडायच्या आधी लिहितं का. पटलं. आता ३ महिने इंग्लंडात ब्रिस्टलला राहून आलोय, माल चांगला रगडून झालाय, तर लिहितो.

माझं सांगायचं तर वय ६६, एसटीत ३१ वर्षं कंडक्टर. वेबिल भरण्यापुरतं, बोर्ड वाचण्यापुरतं इंग्रजी येतं. बोलायची वेळ यायची ती सावंतवाडी-पणजी गाडीवर एखादा गोरा चढला तर, आणि ते काम "पणजी? टू? ओके" एवढ्यात व्हायचं. मुलगी-जावई ब्रिस्टलला, नात ५ वर्षांची, शाळेत जायला लागल्यापासून तिचं मराठी पातळ होत चाललेलं. बायको म्हणाली तुमी तरी शिका, मी काय हातवारे करून भागवीन. म्हणून हा क्लास.

बॅच संध्याकाळी ६ ते साडेसात. आम्ही १४ जण, त्यात नर्सिंगच्या तीन मुली, शिपवर जाणारे दोन मुलगे, बाकी गोव्याला हॉटेलात लागायचं म्हणून आलेले, आणि मी. सगळे मला काका म्हणायचे, मॅडम पण. मॅडम असतील २५-२६ च्या. बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंखे दोन, त्यातला एक फिरतो तेव्हा गाडी थर्ड गिअरमध्ये घाट चढतेय असा आवाज. पाणी स्वतःचं न्यायचं. हे सगळं चालतं, मला त्याचं काही नाही, मी काय एसी बसवर नोकरी केलेली नाही.

मला अडचण झाली ती पुस्तकाची. फी ४,५०० आणि पुस्तकाचे वेगळे २००, आणि पुस्तक म्हणजे कुठल्या तरी पुस्तकाच्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात दुसरा धडा ग्रीटिंग्स अँड पार्टिंग्स, म्हणजे भेटताना काय म्हणायचं आणि निघताना काय म्हणायचं. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, पाठ करा आणि उद्या या. गुड नाईटच्या पुढे लिहिलेलं "शुभ रात्री, रात्री भेटल्यावर". आता मी पण आयुष्यभर हेच करत आलो, वस्तीची गाडी घेऊन रात्री साडेनऊला पोचलो की तिथल्या कंट्रोलरला गुड नाईट साहेब ठोकायचो आणि ते पण उलट गुड नाईट म्हणायचे, दोघं खूश. मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना पेनाने ते खोडायला लावलं. म्हणाल्या, रात्री भेटलात तरी गुड ईव्हनिंगच, गुड नाईट म्हटलंत म्हणजे तुम्ही निघालात. म्हणजे मी ३१ वर्षं पोचल्या पोचल्या निरोप घेत होतो की.

त्याच पानावर पुढे गुडबाय. अर्थ : "निरोप घेताना म्हणतात. मोठ्या माणसांना व अनोळखी व्यक्तींना गुडबाय म्हणावे, मित्रांना बाय म्हणावे." झालं, एवढंच. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे हिने मला कसं तोंडघशी पाडलं ते सांगतोच.

माझं डोकं तेव्हा वेगळ्याच ठिकाणी अडकलं. गुड मॉर्निंग कळतं, सकाळ चांगली. गुड नाईट कळतं. मग गुडबायमध्ये चांगलं काय आहे, बाय म्हणजे काय? मॉर्निंग एकटं म्हटलं तर सकाळ होते, बाय एकटं म्हटलं तर काय होतं? आणि आमच्याकडे तर बाय म्हणजे भलतंच. कोकणात लेकीला, नातीला, शेजारच्या पोरीला, कोणालाही मायेने बाय म्हणतात, गो बाय, बाये माझे. आमची नात फोन ठेवताना "बाय आजी" म्हणते तर बायकोला वर्षभर वाटत होतं पोरगी आपल्याला लाडाने बाय म्हणतेय, ती पण उलट "काय गो बाय" म्हणायची, आणि मग नातीला वाटायचं आजीने पण बाय केलं, ती फोन ठेवून द्यायची. इकडे ही फोन कानाला लावून बोलतेच आहे.

मी हे वर्गात विचारलं. मालक सर मागे खुर्ची टाकून बसलेले, ते म्हणाले, काका, भाषेला का विचारायचं नसतं, पाठ करायचं असतं. शिपवाला एक पोरगा म्हणाला सर क्रिकेटमध्ये पण बाय असतो, लेग बाय, तो काय? सर म्हणाले तोच, बॉल विकेटकीपरला गुडबाय करून जातो ना. अख्खा वर्ग हसला आणि मला वाटलं ४,५०० गेले.

पण मॅडम काही बोलल्या नाहीत तेव्हा, आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहून घेऊन आल्या. माझे तीनातले दोन स्टार या एका दिवसाचे आहेत.

त्यांनी फळ्यावर लिहिलं : गॉड बी विथ यी. यी म्हणजे जुन्या इंग्रजीतलं तुम्ही. देव तुमच्या सोबत असो. हे लोक निघताना म्हणायचे, आणि रोज रोज म्हणून म्हणून ते झिजत गेलं, जसं आपण "काय रे" चं "कारे" करतो तसं. १५७३ साली गेब्रिअल हार्वी नावाच्या इंग्लंडातल्या एका विद्वानाने पत्रात हा शब्द लिहिलाय तो "गॉडब्वाय" असा काहीतरी, सगळं एकत्र चिकटवून. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीच त्याचा चेंदामेंदा झाला होता. मग लोक गुड डे, गुड ईव्हनिंग म्हणतच होते, त्यांच्या ओळीत बसवताना गॉडचं गुड झालं. म्हणजे यात चांगलं काहीच नाही, तो देव आहे. आणि बाय म्हणजे "बी विथ यी" हेच तीन शब्द, चावून चावून उरलेले. मॅडम म्हणाल्या, काका आपण नुसतं बाय म्हणतो तेव्हा देव गळून पडतो, फक्त "सोबत असो" उरतं.

आणि क्रिकेटवाला बाय तो नव्हेच, तो बाजूला, आडबाजूला या अर्थाच्या दुसऱ्या बायवरून आलेला, हे पण सांगितलं त्यांनी, मागच्या खुर्चीकडे न बघता.

मला तर पणजीच्या गाडीचीच आठवण झाली. गोव्यातली म्हातारी ख्रिश्चन माणसं उतरताना एकमेकांना आदेव्स म्हणायची, पोर्तुगीज शब्द, त्यात देऊस म्हणजे देव, देवाच्या हवाली केलं असा अर्थ. फ्रेंचांचं आद्यू, स्पॅनिशांचं आदिओस, सगळी एकाच घरची भावंडं. आमच्याकडचे मुसलमान खलाशी मुंबईला निघाले की स्टँडावर बायकापोरांना खुदा हाफिज, ते पण तेच, देव राखो. आणि कोंकणीत तर अजून अख्खं वाक्य टिकून आहे, रात्री निघताना "देव बरी रात दिवूं" म्हणतात, देव चांगली रात्र देवो. मॅडमनी सांगितलं की इंग्रज पण आधी असंच लांबलचक म्हणायचे, देव तुला चांगला दिवस देवो, त्याचंच कापून कापून गुड डे झालं. म्हणजे इंग्रजांनी कापून टाकलेलं ते मडगावच्या म्हातारीने अजून जपून ठेवलंय. हे मी वर्गात बोललो तर मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य कोणी वहीत लिहून घ्यायची ही पहिलीच वेळ, एरवी डेपोत माझ्याबद्दल जे लिहायचे ते मेमोत.

त्याच तासाला अजून एक. फेअरवेल. मी रिटायर झालो तेव्हा डेपोत निरोप समारंभ झाला, शाल, नारळ, आणि मागे बॅनरवर फेअरवेल. मला वाटायचं फेअर म्हणजे गोरा किंवा निष्पक्ष असं काहीतरी. मॅडम म्हणाल्या हा फेअर तुमचाच, तिकिटाचा. जुन्या इंग्रजीत फेअर म्हणजे प्रवास करणं, जाणं, त्याच घरातून प्रवासाचं भाडं तो फेअर आला, आणि फेअरवेल म्हणजे प्रवास चांगला होवो. आता बघा, फुल फेअर हाफ फेअर करत ३१ वर्षं काढली, आणि जाताना बॅनरवर पण तेच लिहिलेलं, मला कळलंच नाही. त्या दिवशी घरी येऊन तो फोटो परत काढून बघितला.

बरं, आता टाटा. हा आपल्याला वाटतो ट्रकवरून आला, मागे "ओके टाटा" रंगवलेलं असतं ना. तसं नाही. इंग्लंडात लहान मुलांशी बोलताना ता-ता म्हणायची पद्धत दोनशे वर्षांची जुनी आहे, साहेबांच्या घरातून आपल्याकडे आयांच्या तोंडी आली असावी असं मला वाटतं, आणि आपल्याकडे कंपनी पण त्याच नावाची म्हणून चपखल बसली. पुस्तकात टाटा नव्हताच. असता तर बरं झालं असतं, सांगतो का ते.

तर हे सगळं शिकून मेमध्ये आम्ही दोघं निघालो. आता फिल्ड टेस्ट.

ब्रिस्टलमध्ये मुलीच्या शेजारी एक बाई राहतात, साधारण माझ्याच वयाच्या, एकट्या, बागेचा नाद. दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून हवापाण्याच्या गप्पा झाल्या, गप्पा म्हणजे त्या बोलल्या आणि मी येस येस केलं, आणि आत येताना मी पुस्तकातली ओळ आठवून, मोठं माणूस, अनोळखी व्यक्ती, छाती पुढे काढून म्हटलं "गुडबाय मॅडम". त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या अरेरे, लगेच परत निघालात इंडियाला? मला काय उत्तर द्यावं कळेना. संध्याकाळी मुलीने समजावलं की बाबा गुडबाय चूक नाही पण इथे रोजच्याला कोणी एवढं अख्खं नाही म्हणत, कुंपणावरून घरात जाताना तर नाहीच. बाय म्हणतात, बाय-बाय म्हणतात, सी यू, टेक केअर म्हणतात. अख्खं गुडबाय म्हटलं की ते जड होतं, लांब जाणाऱ्याचं, कधी कधी परत न भेटणाऱ्याचं. नोकरी सोडताना, स्टेशनवर, दवाखान्यात.

आता यात गंमत बघा. मुळात केवढा प्रेमळ शब्द, देव सोबत असो, आणि आज तो पूर्ण म्हटला तर समोरच्याच्या पोटात गोळा येतो. अगदी आपल्या "जातो" सारखं झालं की. आपण कुठे जातो म्हणतो? माझी आई तर कोणी चुकून जातंय म्हटलं तर उंबऱ्यावरून परत बोलवायची, पाणी प्यायला लावायची आणि "येतंय म्हण" म्हणून पाठवायची. स्टँडावर तर मी हजारदा ऐकलंय, गणपती संपले की चाकरमानी मुंबईच्या गाडीत बसलेला, खाली आई उभी, ती जा म्हणत नाही, तो जातो म्हणत नाही, पोचलंस की फोन कर, येतंय गे, ये हां, फणसाचे गरे वर ठेवलंस ना, आणि परत येतंय गे. या सगळ्यात गाडी दहा मिनिटं लेट. शेवटी मीच दोरी ओढून डबल बेल द्यायचो, टण टण, की चला. एसटीत डबल बेल म्हणजे गाडी सोडा. मला कधी कधी वाटायचं या सगळ्या निरोपांत वाईट माणूस मीच.

क्लासने हे शिकवायला हवं होतं असं माझं म्हणणं आहे. शब्दाचा अर्थ सांगितलात, पण तो किती वजनाचा आहे ते कोण सांगणार? लगेजचं पण वजन करूनच भाडं लावतात.

पुढची गंमत बायकोची. त्याच शेजारीणबाई एका सकाळी गाडीत बसताना हिला म्हणाल्या, सी यू लेटर माय लव. पुस्तकात सी यू लेटर म्हणजे "नंतर भेटू", आणि ते मीच हिला शिकवलेलं. ही म्हणाली संध्याकाळी येणार म्हणतायत, काहीतरी करायला हवं. तांदळाचं पीठ गावावरून नेलेलंच होतं, हिने घावणे घातले, नारळाचा रस केला, गूळ वेलची घालून, टेबलावर मांडून बसली. सहा वाजले, सात वाजले. तिकडे जूनमध्ये उजेड साडेनऊपर्यंत असतो त्यामुळे हिला वाटे अजून संध्याकाळ झालेली नाही. शेवटी मुलगी कामावरून आली आणि तिने कपाळावर हात मारला. सी यू लेटर म्हणजे नंतर भेटू नव्हे, ते नुसतं निघताना म्हणायचं, दुकानातला पोरगा पण म्हणतो ज्याला तुम्ही परत जन्मात भेटणार नाही.

मग घावणे वाया कशाला घालवा म्हणून हीच डबा घेऊन शेजारी गेली. आणि दोन मिनिटांत परत, चेहरा लाल. म्हणाली, "बसाक सुद्धा सांगूक नाय, डबो घेतल्यान आणि टाटा करून धाडल्यान." मी म्हटलं असं कसं होईल, काय म्हणाल्या नक्की? तर म्हणे "ता". आता इंग्लंडात नुसतं ता म्हणजे थँक्यू! बाई बिचारी आभार मानत होती आणि ही हात हलवून मागे फिरली. दुसऱ्या दिवशी त्या डबा धुऊन, त्यात स्वतःच्या बागेतली स्ट्रॉबेरी भरून परत द्यायला आल्या तेव्हा सगळा उलगडा झाला आणि हिने त्यांना खुर्चीत बसवूनच सोडलं, पाऊण तास. निघताना दारात परत पंधरा मिनिटं. बाय, येस, बाय-बाय, बाय देन, बाय. मी मोजले, एका निरोपात सात बाय. तेव्हा मला पटलं ही माणसं आपल्यातलीच आहेत, उंबऱ्यावर उभं राहून परत नवा विषय काढणारी.

आणि त्यांचं ते "माय लव", कधी कधी "माय लव्हर" पण. ब्रिस्टलकडची जुनी माणसं दुकानात, बसमध्ये, अनोळखी माणसाला सुद्धा असं म्हणतात, त्यात वावगं काही नसतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडे तिकडे बघितलं की बायको कुठे आहे. पण जरा विचार केला तर ते आपलं "गो बाय" च आहे. म्हणजे त्या बाई "बाय माय लव" म्हणतात तेव्हा कोकणी कानाने ऐकलं तर दोन्ही शब्द मायेचेच. बायकोचं वर्षभर जे चुकत होतं ते तिथे अचानक बरोबर झालं.

आता बस. मला खरं तर ब्रिस्टलच्या बसबद्दलच वेगळं लिहायला हवं, पण इथे निरोपापुरतं लिहितो. तिथे कंडक्टर नाही, ड्रायव्हरच कार्ड टेकवून घेतो, २०२५ मध्ये गेलो तेव्हा एका वेळचं भाडं सरकारने जास्तीत जास्त ३ पौंड ठरवून दिलेलं. चढायचं पुढून, उतरायचं पण पुढूनच, ड्रायव्हरच्या समोरून. आणि उतरताना प्रत्येक माणूस, शाळेतलं पोरगं असो, कानात ते बोंडूक घातलेला तरुण असो, म्हातारी असो, ड्रायव्हरला म्हणतो "चिअर्स ड्राइव्ह". ड्रायव्हरचं ड्राइव्ह. ब्रिस्टलची खासियत आहे म्हणे ही, तिथे मगवर, टीशर्टवर सुद्धा छापून विकतात. चिअर्स म्हणजे आपल्याला ग्लासावर ग्लास आपटण्यापुरतं माहीत, पण तिथे ते थँक्यू पण आहे आणि येतो पण आहे, दोन्ही एकात. पुस्तकात? अर्थातच नव्हतं.

मी पहिल्यांदा उतरलो ते राजा राममोहन रॉय यांची समाधी बघायला. ते १८३३ साली ब्रिस्टललाच वारले, आर्नोस व्हेल म्हणून स्मशानभूमी आहे तिथे त्यांची छत्री उभी आहे, आपल्या देवळासारखी, आजूबाजूला सगळे क्रॉस आणि मध्ये ही. बघण्यासारखी जागा आहे, झाडी भरपूर. तर स्टॉप आला, पुढच्या चौघांनी चिअर्स ड्राइव्ह म्हटलं, माझी पाळी आली आणि तोंडातून बाहेर पडलं "थँक्यू सर, गुडबाय सर". ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला, मग हसून म्हणाला, यू टेक केअर. नात खाली उतरून पोट धरून हसत होती. आजोबा, ते तुम्हाला इंडियाला सोडायला आले होते का?

येताना मात्र जमवलं. "चिअर्स ड्राइव्ह." आवाज जरा मोठा झाला, सवयीने, मला गाडीच्या मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवायची सवय आहे. पण जमलं.

एक गोष्ट इथे कबूल करतो. ३१ वर्षांत मला उतरताना थँक्यू म्हणणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी. हे मी तिथे मुलीला जरा कडू तोंडाने सांगितलं. पण रात्री झोपताना आठवलं की आपल्याकडची माणसं, खास करून बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन येणाऱ्या बायका, उतरताना म्हणायच्या, "मास्तर, येतंय हां." कंडक्टरला मास्तर म्हणतात आमच्याकडे. माझ्या घरी थोड्याच येणार होत्या त्या. सी यू लेटर पण तसंच की, आणि चिअर्स ड्राइव्ह पण. मी इतकी वर्षं त्याला फक्त मान हलवून डबल बेल दिली.

क्लासकडे परत येतो, रिव्ह्यू क्लासचा आहे. परत आल्यावर मी जाऊन मॅडमना भेटलो, हे सगळं सांगितलं. त्यांनी नव्या बॅचसाठी फळ्यावर आता वेगळी यादी लावलीय, कुठला शब्द रोजचा, कुठला जड, कुठला नुसता म्हणायचा आणि घावणे करायचे नाहीत. घावण्यांची गोष्ट त्या माझं नाव घेऊन सांगतात असं कळलं, सांगू देत. मालक सरांना म्हटलं पुस्तक बदला, ते म्हणाले अजून ६० कॉप्या शिल्लक आहेत, संपू दे.

स्टारांचा हिशोब असा. मॅडमचे २. एक स्टार बोलायची भीती गेली त्याचा, कारण ती खरंच गेली, रोज उभं राहून ५ मिनिटं बोलायला लावतात, चुकलं तरी थांबवत नाहीत, हे फार चांगलं आहे. एक कापला पुस्तकाचा. एक कापला मालक सरांच्या लेग बायचा, आणि तो परत मिळणार नाही.

कोणासाठी चांगला : गल्फला किंवा शिपवर जाणारे, मुलाबाळांकडे परदेशी जाणारे आईबाप, ज्यांना शब्द येतात पण तोंड उघडत नाही असे सगळे. कोणासाठी नाही : परीक्षेचं व्याकरण हवं असणारे, ते इथे होत नाही. ६५ ते ७५ वयाच्यांना एसटीत अर्धं तिकीट आहे पण इथे फीमध्ये सवलत नाही, मी विचारलं होतं.

संध्याकाळच्या बॅचला जायचं तर पावणेसहाला पोचा, न वाजणारा पंखा खिडकीकडचा आहे, त्याखाली चारच खुर्च्या बसतात. पुस्तक घेऊ नका, साधी वही न्या, आणि पहिल्याच दिवशी मॅडम कुठल्या बॅचला आहेत ते विचारून मगच पैसे भरा.